टर्म भरली, पण कुणाची?

परवा पुतण्याचा निकाल लागला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, दोन विषय राहिले. घरात सगळ्यांची तोंडं पडलेली आणि हा मात्र निवांत. म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. एटीकेटी आहे. पुढच्या वर्षाला बसता येतं."

मी विचारलं, "एटीकेटी म्हणजे काय रे?"

"म्हणजे केटी. विषय राहिले तरी वर्ष वाया जात नाही."

"ते कळलं. पण त्यातला 'के' कशाचा?"

त्याला सांगता येईना. त्याच्या मित्रांना फोन झाले, त्यांनाही येईना. शेवटी मीच सांगितलं. अलाऊड टू कीप टर्म्स. मराठीत म्हणायचं तर 'टर्म भरायला परवानगी'. मुंबई-पुण्याकडच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं लाखो पोरांनी हा शब्द उच्चारला असेल. दिल्लीकडे याला 'बॅक' म्हणतात, कुठे 'सप्ली' म्हणतात. पण आपल्याकडे हा जो 'कीप टर्म्स' आहे, तो फार लांबून आलाय. त्याची गोष्ट सांगतो. थोडी लांबेल, पण शेवटी ती आपल्या बीड जिल्ह्यातल्या शाळेच्या दारापर्यंत येते, म्हणून वाचा.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. तीस वर्षांहून जास्त काळ मी हजेरीपटावर 'प्रथम सत्र' आणि 'द्वितीय सत्र' असे दोन रकाने भरले. ते दोनच का, जूनला का सुरू होतात, दिवाळीला का तुटतात, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तशी शाळा जूनमध्ये उघडते, एवढंच.

पण तसं नाहीये. शाळेचं वर्ष माणसांनी ठरवलेलं असतं आणि प्रत्येक वेळी ते कुणाच्या तरी सोयीने ठरलेलं असतं.

अगदी जुन्यापासून सुरू करू. आपण 'सत्र' म्हणतो तो शब्द मूळचा शाळेचा नाही, यज्ञाचा आहे. बरेच दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणत. आणि वेद शिकायचंही एक ठरलेलं सत्र होतं. श्रावणी पौर्णिमेला उपाकर्म करून अध्ययन सुरू व्हायचं, साडेचार-पाच महिने चालायचं आणि पुढे पौषाच्या सुमारास उत्सर्जन करून थांबायचं. आज श्रावणीला जानवं बदलतात एवढंच उरलंय, पण मुळात तो शाळा उघडण्याचा दिवस होता! मध्ये सुट्ट्याही होत्या. अमावस्या, पौर्णिमा, अष्टमी हे अनध्यायाचे दिवस. आता पावसाळ्यातच अध्ययन का? रस्ते बंद, प्रवास बंद, माणूस एका जागी बसलेला. बौद्ध भिक्खूंचा वर्षावासही त्याच दिवसांतला. अर्थात ही वेदांची शाळा सगळ्यांसाठी नव्हती. जो शेतात चिखल तुडवत होता त्याला तिचं दारच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गावातल्या पंतोजींच्या शाळेला असं सत्र-बित्र काही नव्हतं. ओसरीवर नाहीतर देवळात शाळा भरायची. धुळाक्षरं, पाढे, मोडी, हिशेब. पंतोजींना बऱ्याचदा मोबदला धान्यात मिळायचा. मुलगा येईल तेव्हा येईल, आला की जिथे सोडलं तिथून पुढे. त्या शाळेत छडी भरपूर होती आणि शिक्षण तुटपुंजं होतं, तिचं गुणगान मला करायचं नाही. पण 'वर्ष वाया जाणं' ही भानगड तिथे नव्हती, कारण वर्षच नव्हतं. एक वर्ग, एक वर्ष, एक परीक्षा, पास-नापास हे सगळं नंतर आलं.

ते आलं इंग्रजांबरोबर. आणि इंग्रजांकडे ते आलं चर्चमधून.

ऑक्सफर्डमध्ये आजही तीन टर्म असतात : मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी. केंब्रिजमध्ये मायकलमस, लेंट आणि ईस्टर. ही सगळी ख्रिस्ती सणांची नाहीतर संतांची नावं आहेत. मायकलमस म्हणजे २९ सप्टेंबर, देवदूत मायकेलचा दिवस. हिलरी हा एक संत, त्याचा दिवस जानेवारीच्या मध्याला. जसं आपल्याकडे जुनी माणसं "आखाडीच्या पुढे" किंवा "पोळ्याच्या आधी" म्हणतात, तसं तिकडे वर्षाचे तुकडे सणांनी पाडलेले. विद्यापीठंच नव्हे, लंडनची न्यायालयंही याच टर्मवर चालायची. त्यामुळे बॅरिस्टर व्हायचं तर इन्स ऑफ कोर्टात तुम्हाला 'टर्म कीप' कराव्या लागत. वर्षाच्या चार, अशा बारा. म्हणजे तीन वर्षं.

आणि टर्म कीप करायची म्हणजे काय करायचं? जेवायचं!

हसू नका, खरं आहे. गांधीजींनी आत्मकथेत हे सविस्तर लिहिलंय. प्रत्येक टर्ममध्ये चोवीसेक जेवणं असायची, त्यातल्या किमान सहा जेवणांना हजर राहिलं की टर्म भरली. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या. गांधीजी पीत नसत, त्यामुळे त्यांना आपल्या टेबलावर घ्यायला बाकीचे तिघं उत्सुक! अभ्यास किती केला हे परीक्षेत कळायचं, पण तुम्ही 'तिथे होतात' हे जेवणाच्या हजेरीवरून कळायचं. टर्म भरणं म्हणजे मुळात हे : शरीराने हजर असणं, ठरलेल्या जागी, ठरलेल्या काळात.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली. त्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते आणि १८६२ साली ते बी.ए. झाले. तेव्हाचं विद्यापीठ स्वतः फारसं शिकवत नसे, ते परीक्षा घ्यायचं. शिकवायचं काम कॉलेजांचं : एल्फिन्स्टन, डेक्कन आणि पुढची. मग परीक्षेला कुणाला बसू द्यायचं? ज्याने कॉलेजात टर्म भरल्यात त्याला. इथेच तो शब्द आपल्याकडे रुजला. 'टर्म ग्रँट झाली का?' 'डिफॉल्टर लिस्ट लागली का?' 'टर्मवर्क सबमिट केलं का?' हे जे पोरं आजही बोलतात, त्याचं मूळ त्या जेवणाच्या टेबलावर आहे.

आता एक गंमत बघा. आपण समजतो की आपलं शाळा-कॉलेजचं वर्ष पहिल्यापासून जूनचंच. तसं नाही. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं जानेवारी १८८० मध्ये. फर्ग्युसन कॉलेज, २ जानेवारी १८८५. चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी मुहूर्त पाहून जानेवारी निवडला नव्हता. तेव्हा वर्षच जानेवारीला सुरू व्हायचं. मॅट्रिकची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. टिळक स्वतः १८७२ च्या अखेरीस मॅट्रिक झाले आणि १८७३ ला डेक्कन कॉलेजात गेले. गांधीजींचंच परत घ्या. १८८७ च्या नोव्हेंबरात अहमदाबादला मॅट्रिक, जानेवारी १८८८ ला भावनगरच्या सामळदास कॉलेजात प्रवेश. हे कॉलेज मुंबई विद्यापीठाचंच. तिथे त्यांना काही समजेना आणि पहिली टर्म संपल्यावर ते घरी परतले. तो उन्हाळा होता. घरी कुणीतरी सल्ला दिला की पोराला विलायतेला पाठवा आणि सप्टेंबरात ते जहाजात बसले.

म्हणजे तेव्हाच्या वर्षात उन्हाळ्याची सुट्टी *मध्ये* यायची आणि दिवाळीच्या पुढेमागे वर्ष संपायचं. आज बरोबर उलटं आहे. दिवाळी मध्ये आणि उन्हाळा शेवटी. विसाव्या शतकात वर्षाचं तोंड जानेवारीवरून जूनकडे फिरलं आणि आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत ते इतकं अंगवळणी पडलं की कधी वेगळं होतं हेच आपण विसरलो.

मला सांगायचंय ते एवढंच, की हे फिरवता येतं. एकदा फिरवलंय.

अजूनही सगळीकडे एकच वेळापत्रक कुठे आहे? विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर उघडतात, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. कारण तिथलं ऊन. यावर कुणी म्हणत नाही की विदर्भाला वेगळं कशाला. हिमाचलात तर दोन प्रकारच्या शाळा आहेत, काही उन्हाळ्यात बंद राहणाऱ्या आणि काही बर्फाच्या दिवसांत बंद राहणाऱ्या. काश्मीरमध्ये वर्षअखेरची परीक्षा हिवाळ्याआधी व्हायची, ती २०२२ ला देशाबरोबर आणायची म्हणून मार्चवर नेली आणि २०२४ ला लोकांच्या मागणीवरून पुन्हा नोव्हेंबरवर आणली. आपल्याकडेही २०२५ मध्ये सीबीएसईसारखं एप्रिलपासून वर्ष सुरू करायची चर्चा झाली. मराठवाड्यात-विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या वर्गात पोरं बसवायची कशी, असा प्रश्न लगेच आला.

थोडक्यात, हवामानासाठी आपण वर्ष हलवायला तयार असतो. स्पर्धा परीक्षांसाठी, सीबीएसईची बरोबरी करण्यासाठी, हलवायचा विचार करतो. पोटासाठी मात्र कधी हलवलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माझी नोकरीची निम्मी वर्षं ज्या तालुक्यात गेली, तिथे पहिलं सत्र आणि दुसरं सत्र या दोन वेगळ्या शाळा होत्या. जूनला वर्ग भरलेला. पोरं अंगणात मावायची नाहीत. सहामाही व्हायची, 'दिवाळीचा अभ्यास' द्यायचा, सुट्टी लागायची. सुट्टी संपवून मी परत यायचो तेव्हा पटावर अडतीस आणि वर्गात सतरा. बाकीची कुठे? कोयत्यावर.

दसऱ्याला मुकादम यायचा, उचल आधीच दिलेली असायची. दिवाळीच्या पुढेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर लागायचे. भांडी, बाजरीचं पोतं, कोंबड्या, शेळी आणि पोरं. सांगली, कोल्हापूर, पुणे, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोठी मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळायला, मोठा मुलगा मोळ्या उचलायला. कारखाना मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, कधी त्याहून पुढे. म्हणजे द्वितीय सत्र जेवढं, गळीत हंगाम तेवढा. दोन्हीचं माप जणू एकाच सुतळीने घेतलेलं. आणि ही माणसं घरी परततात तेव्हा शाळेला काय लागलेलं असतं? उन्हाळ्याची सुट्टी!

पोर गावात असतं तेव्हा शाळा बंद, आणि शाळा चालू असते तेव्हा पोर फडात.

एक मुलगी आठवते. चौथीत होती. पाढे तोंडपाठ, अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार मी तिच्याकडूनच लिहून घ्यायचो. जायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, पुस्तकं नेऊ का संगं?" मी म्हटलं, "ने की." एप्रिलच्या शेवटी आली. पुस्तकं पाचटात भिजून गेली होती, पण तिने टाकली नव्हती, बांधून परत आणली होती. मला म्हणाली, "परीक्षा झाली का गुरुजी?" झाली होती. पाच-सहा दिवसांपूर्वी.

मी वर विचारलं. तेव्हाचे एक साहेब होते. म्हणाले, "गुरुजी, अर्ध्या वर्षाची हजेरी कुठून आणू? कागदावर दुसरं सत्र रिकामं आहे." शेवटी वय बघून तिला पाचवीत ढकलली. पाचवीत ती दिवाळीपर्यंत आली. नंतर दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

तिने पहिली टर्म पूर्ण भरली होती. सहामाहीला वर्गात पहिली होती. पण आपल्याकडे शाळेत 'टर्म' नावाची गोष्ट नुसती रकान्यात आहे, हिशेबात नाही. हिशेबात आहे ते वर्ष. सगळं नाहीतर काहीच नाही.

आणि हा प्रश्न काही आजचा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी हेच सांगितलं होतं. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची मुलं शाळेत दिसत नाहीत, कारण घरची इतकी गरिबी की गुरं राखायला आणि शेताकडे बघायला तीच मुलं लागतात. म्हणून त्यांना नुसती शाळा पुरेशी नाही, शिष्यवृत्त्या द्या, सहामाही नाहीतर वार्षिक बक्षिसं द्या. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यांनी मागितलं. नांगर धरता येईल अशा समाजातून मास्तर घ्या, असंही. सहामाही बक्षीस! त्या माणसाला सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं की या मुलांना वर्षाच्या शेवटापर्यंत थांबायला सांगणं परवडत नाही.

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्तीतून सूट मिळण्याची कारणं दिली होती : आजारपण, घरची अडचण आणि शेतीच्या हंगामाची गरज. म्हणजे गोखल्यांनाही माहीत होतं की हंगाम आणि शाळा यांची टक्कर होणार. त्यांचा उपाय होता सूट देणं. फुल्यांचा उपाय होता आधार देणं. विधेयक १९१२ ला पडलं. पुढे १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पण शाळेचं वर्ष हंगामाप्रमाणे बेतावं, हा तिसरा उपाय कागदावर यायला फार वेळ लागला.

तो आला २००९ मध्ये, आणि आला तो कायद्यातच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ काढून बघा. स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं तिथे ओळीने दिली आहेत. एका ओळीत लिहिलंय : स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं. आणि त्याच यादीत, अगदी शेवटची ओळ : शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणं. स्थानिक प्राधिकरणाने! म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेने, नगरपालिकेने. या दोन ओळी एकाच यादीत बसल्यात, पण त्यांची गाठ अजून कुणी घालून दिलेली नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेतली दिनदर्शिकेची चर्चा म्हणजे काय असते, ते मी बघितलंय. वर्षात ७६ सुट्ट्यांच्या वर जायचं नाही, मग कोणत्या जत्रेची सुट्टी द्यायची आणि कोणत्या उपवासाची काढायची. त्या चर्चेत मीही हिरिरीने बोललेलो आहे. कोयत्यावर गेलेल्या पोरांचा विषय मी काढला नाही. हे आज कबूल करतो.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. काही ठिकाणी चांगल्या चालल्या, काही कागदावर. मग मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. आजी-आजोबांजवळ पोरं ठेवायची आणि जेवण सरकारने द्यायचं. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांची सोय झाली. शिक्षण हमी कार्ड आलं, ते घेऊन मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. २०२१ ला संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आली. या सगळ्यात एक गोष्ट मात्र सारखी आहे. प्रत्येक वेळी मुलाला हलवायचं, नाहीतर मुलाला थांबवायचं. वर्ष जागचं हलवायचं नाही.

आणि इकडे कॉलेजात काय चाललंय बघा. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सांगितलं की विद्यार्थ्याला मध्येच शिक्षण सोडता आलं पाहिजे आणि परत येता आलं पाहिजे. २०२१ पासून श्रेयांकांची बँक निघाली. म्हणजे तुम्ही एक सेमिस्टर केलं, तर तेवढे श्रेयांक तुमच्या खात्यावर जमा. उद्या नोकरी लागली, लग्न झालं, आजारी पडलात, तरी ते बुडत नाहीत. परत या, तिथून पुढे. फार चांगली गोष्ट आहे. 'सेमिस्टर' हा शब्दही बघा, लॅटिनमधून जर्मन विद्यापीठांच्या वाटेने आलेला. सेक्स म्हणजे सहा, मेन्सिस म्हणजे मास. शब्दशः सहामाही! आपल्या शाळेतली जुनी सहामाहीच ती. वीस वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, तुझी सहामाही तुझ्या खात्यावर जमा राहील. नऊ वर्षांच्या मुलीला सांगतो, तुझी सहामाही झाली ते ठीक, पण वार्षिकला कुठे होतीस?

इथे मला बाबासाहेबांची आठवण येते. १९१६ ला ते लंडनला गेले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू केला. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सगळं अर्धवट टाकून परत यावं लागलं. पण लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. १९२० ला ते परत गेले. पुढच्या तीन वर्षांत एम.एस्सी., बॅरिस्टरी, डी.एस्सी. पैशाअभावी शिक्षण मध्येच तुटलं होतं, तरी दार बंद झालं नव्हतं. जेवढं केलं होतं तेवढं त्यांच्या नावावर शिल्लक होतं. त्या एका सवलतीने या देशाला काय दिलं, ते मी सांगायला नको.

माझं म्हणणं साधं आहे, आणि ते राज्यभर लागू करा असं मी म्हणत नाही. ज्या तालुक्यांतून दर वर्षी माणसं ऊसतोडीला जातात, त्यांची यादी शासनाकडे आहे. तेवढ्याच तालुक्यांत जिल्हा परिषदेने कलम ९ वापरावं. पहिल्या सत्राचं मूल्यमापन दिवाळीआधी पक्कं करून मुलाच्या नावावर कायमचं नोंदवावं. पुस्तिकेत लिहावं : या मुलाने पहिली टर्म भरली, त्याला एवढं येतं. ते मूल दुसऱ्या शाळेत बसलं तर तिथून पुढे, नाही बसलं तर परत आल्यावर तिथून पुढे. आणि एप्रिलच्या शेवटी ही माणसं घरी येतात, तेव्हा या मुलांसाठी सहा-सात आठवड्यांची एक सकाळची टर्म भरवावी. सात ते दहा. नंतर ऊन फार होतं.

यात अडचणी आहेत, मला माहीत आहे. मे महिन्यात आमच्या भागात प्यायला पाणी टँकरचं असतं. शिक्षकांची हक्काची सुट्टी आहे आणि ती ज्याने काम केलं त्याला दुसऱ्या वेळी भरून द्यावी लागेल. आज वर्गात असलेल्या सतरांची शाळा हिवाळ्यात चालूच राहिली पाहिजे, त्यांचं नुकसान करून हे नको. एक जण म्हणेल की सहा आठवड्यांत काय होतं? मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, पुस्तकं पाचटात भिजली तरी बांधून परत आणणाऱ्या पोरीला सहा आठवडे खूप होतात.

आणखी एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मुळात ही स्थलांतरंच थांबली पाहिजेत, गावात पाणी आणि काम पाहिजे, मग शाळेचं वर्ष हलवायची वेळ येणार नाही. शंभर टक्के मान्य. पण ते होईपर्यंत आणखी किती चौथ्या रिकाम्या करायच्या?

तिकडे विलायतेत चर्चच्या सणांप्रमाणे वर्ष कापलं, कारण विद्यापीठ चर्चचं होतं. आपल्याकडे एकेकाळी पावसाप्रमाणे कापलं, कारण शिकणाऱ्याला पावसात दुसरं काम नव्हतं. विदर्भात उन्हाप्रमाणे कापतो, काश्मिरात बर्फाप्रमाणे. ज्याची शाळा, त्याचं कॅलेंडर. मग जिल्हा परिषदेची शाळा कुणाची आहे? आज त्या पटावर कुणाची मुलं आहेत, जरा जाऊन बघा.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, आम्हाला दोन विषय राहिले तरी टर्म भरायची परवानगी आहे. आणि त्या मुलीने टर्म भरली होती तरी नाही."

हेच मला इतक्या लांब पोस्टमध्ये सांगायचं होतं, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

आपल्या गटातली, गणातली जी मंडळी जिल्हा परिषदेत जाणार आहेत किंवा जाऊ इच्छितात, त्यांना एवढं एकच विचारा : शाळेची दिनदर्शिका ठरवायचा अधिकार तुमचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि ज्यांच्या गावात दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात, त्यांनी खाली गावाचं नाव आणि दिवाळीआधीचा व नंतरचा आकडा लिहा. मुलांची नावं नकोत, फक्त आकडे. मी ते एका कागदावर उतरवून घेतोय. पुढे काय करायचं ते मिळून ठरवू.